बांधावरचा फ्लेक्स

तो फ्लेक्स मीच छापला, म्हणून तर अजून राग जात नाही.

कोरेगावात माझं फ्लेक्स-छपाईचं दुकान आहे. वाढदिवस, दहावीचा निकाल, श्रद्धांजली, दुकानाचं उद्घाटन, सगळं येतं. 2016 च्या उन्हाळ्यात मात्र वेगळंच काम आलं होतं. गावांनी श्रमदानानं जलसंधारण करायच्या, पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेचं ते पहिलं वर्ष. राज्यातले तीनच तालुके निवडले होते: वरूड, अंबाजोगाई आणि आमचं कोरेगाव. दुष्काळ किती होता ते सांगायला नको. त्याच एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं. माझ्या आजोळच्या गावानंही स्पर्धेत नाव दिलं होतं. मामा-मामी पहाटे अंधारात कुदळ-घमेली घेऊन माळावर जायचे, ऊन तापलं की परत यायचे, संध्याकाळी पुन्हा जायचे. आख्खं गाव जायचं. सुट्टीच्या दिवशी मीही जायचो.

एका कंपनीनं तिथं दोन दिवसांच्या पोकलेनचं डिझेल दिलं. नाव घेत नाही. डिझेल दिलं हे खरं, आणि ते वेळेवर दिलं हेही खरं. नाल्यातली कठीण मुरमाची जागा माणसांच्यानं फुटत नव्हती. पण त्या आधीचे चर, दगड रचून घातलेले बांध, मशिननं काढलेली माती बांधावर ओढून दाबणं, सांडव्याला दगडी पिचिंग करणं, हे सगळं गावानं केलं होतं. मामीच्या तळहाताला घट्टे पडले होते, ते मी पाहिलेत.

मेच्या अखेरीस त्या कंपनीच्या जनसंपर्काचं काम बघणाऱ्या पुण्याच्या एजन्सीकडून मेलवर फाइल आली. दहा बाय आठ, आयलेट मारून, लाकडी फ्रेमसह. वर कंपनीचं बोधचिन्ह, मध्ये तीन साहेबांचे फोटो आणि खाली मजकूर: आमच्या सामाजिक बांधिलकीतून साकारलेला माती नाला बांध ग्रामस्थांना समर्पित. गावाचं नाव कोपऱ्यात, तेही ऱ्हस्व-दीर्घ चुकवून.

मी फोन केला. म्हटलं, "मॅडम, गावाचं नाव दुरुस्त करतो. आणि 'ग्रामस्थांच्या श्रमदानातून' एवढे दोन शब्द घालू का? जागा आहे, डिझाइन हलणार नाही."

"नाव दुरुस्त करा. बाकी काही नको. फाइल साहेबांनी अप्रूव्ह केलीय."

"पण बांध गावानं घातलाय."

"ते ठीक आहे हो. पण हा कंपनीचा कार्यक्रम आहे ना."

छपाई झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोबरोबर मी स्वतः गेलो, फ्रेम उभी करायला. गाड्या आल्या त्या ऊन चढल्यावर. म्हणजे गाव काम आटपून घरी जायच्या वेळेला. सगळ्यांना थांबवून घेतलं. पांढऱ्या टोप्या वाटल्या. फोटोग्राफरनं बायकांना बाजूला घेतलं, कारण पाठीमागचा मजकूर झाकला जात होता. मग एका साहेबांच्या हातात घमेलं द्यायचं ठरलं. मामीचं घमेलं भरलेलं होतं. ते जड होतं म्हणून त्यातली निम्मी माती ओतायला लावली. फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा. तिसऱ्यांदा मामीनंच घमेलं उचलून साहेबांच्या हातात दिलं आणि पदर सावरून बाजूला झाली, तिला फोटोतून बाहेर व्हायला सांगितलं होतं म्हणून. पहाटेपासून माती वाहणारी बाई ओतलेली माती हातानं परत गोळा करत होती, आणि ती चौकटीत नको होती. मी तिथंच फ्रेमच्या दोऱ्या ओढत उभा होतो. हे लिहितानासुद्धा हात थरथरतो.

दोन दिवसांनी पेपरात बातमी आली. कंपनीनं बांध बांधला आणि ग्रामस्थ मोठ्या संख्येनं उपस्थित होते.

मी तणतणत मामीकडे गेलो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आरं, डिझेल त्यांचंच हुतं न्हवं? लावू दे की नाव. पाणी काय नाव वाचून मुरतंय व्हय?" मामा काहीच बोलले नाहीत. मला मामीचाही राग आला. एवढ्या सहज सोडून द्यायची ही गोष्ट नाही, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

कंपनी कायद्यात 2013 साली तरतूद झाली. ठरावीक नफा, उलाढाल किंवा निव्वळ मालमत्तेच्या वरच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करायचे, आणि जिथं कारभार चालतो त्या परिसराला प्राधान्य द्यायचं. चांगला कायदा आहे. पण त्यातून परिसराशी नातं जुळेलच असं नाही. आमच्या भागानं याहून वेगळं पाहिलेलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले लोखंडी नांगर विकायला दोन वर्षं लागली. लोखंडानं जमीन नासते असं शेतकरी समजायचे. 1910 साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर त्यांनी कारखाना आणि वसाहत उभी केली. 1920 पासून तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायला सुरू झालेलं ते पत्रक शंकरराव किर्लोस्करांनी असं वाढवलं की त्याचं मराठी घराघरांत वाचलं जाणारं मासिक झालं. जाहिरातच होती ती, पण वाचणाऱ्याच्या उपयोगाची. जनसंपर्क शिकायला पुण्याच्या एजन्सीकडे जायची आपल्याला गरज नव्हती.

आणि कोरेगावातलंच बघा. त्या उन्हाळ्यात एका हॉटेलवाल्यानं आजोळच्या गावाला चहा-पोहे पुरवले. एका डॉक्टरांनी माळावर येऊन बायकांचे बीपी तपासले. पाइपच्या दुकानदारानं मोटार वापरायला दिली. एकानंही माझ्याकडे फ्लेक्स टाकला नाही. गावातली माणसं आजही बाजाराला आली की त्याच हॉटेलात बसतात आणि पाइप तिथूनच नेतात. नवीन दुकान काढणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो: आधी गावाच्या कामाला जा, फ्लेक्सचं मागाहून बघू. माझा धंदा बुडाला तरी चालेल.

आता याला दुसरी बाजू आहे आणि ती मला नाकारता येत नाही. त्या वर्षी आमच्याच तालुक्यातल्या वेळूनं पहिला क्रमांक आणि 50 लाखांचं बक्षीस मिळवलं. वेळूचे फोटो, बातम्या, व्हिडिओ गावोगावी पोचले आणि पुढच्या वर्षी कितीतरी गावं कुदळ घेऊन उठली. पाणी फाउंडेशनचा आमिर खान आला नसता, कॅमेरे आले नसते, तर हे एवढं पसरलं असतं? डिझेल देणाऱ्यानं नाव मागू नये म्हटलं, तर पुढच्या गावाला डिझेल कोण देणार?

पुढं एका मोठ्या पावसाळ्यात त्या बांधाचा सांडवा खचला. त्याच कंपनीतले एक नवे अधिकारी, मूळचे साताऱ्याकडचे, न सांगता आले. ग्रामसभेत मागं बसले, लिहून घेतलं, आणि हिवाळ्यात दगड-सिमेंट पाठवून सांडवा दुरुस्त करून दिला. गवंडीही गावातलेच लावले. ना टोप्या, ना बातमी. मामीनं सांगितलं तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. झालं उलटंच. मी त्यांना फोन करून म्हटलं, "साहेब, याचा बोर्ड करू या. छपाईचे पैसे घेत नाही. वर श्रमदान करणाऱ्या गावाचं नाव, खाली तुमचं." ते नको म्हणाले. त्यांच्या कंपनीला त्या गावात आता बोर्ड लावायची लाज वाटते, असं त्यांनी आडून सांगितलं.

माझं म्हणणं अजून तेच आहे. बोर्ड लागला पाहिजे. मामा म्हणतात, सांडवा टिकला हे बास झालं. मला ते पटत नाही. ग्रामपंचायतीच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय लेखी देणार आहे आणि मजकुराचं प्रूफ आधी मामीला वाचून दाखवणार आहे.