अंदमानला किती बेटं?

अष्टविनायकाला निघालं की प्रश्नच नसतो. आठ म्हणजे आठ, एक जरी राहिला तरी मनाला चुटपुट लागते. पण अंदमानला गेल्यावर किती बेटं पाहायची हे कुणी नेमून दिलेलं नाही, आणि नेमका त्यावरूनच गेल्या दिवाळीआधी आमच्या मुलुंडच्या घरात आठवडाभर वाद चालला होता.

सासूबाईंना सावरकरांची कोठडी पाहायची होती. ‘माझी जन्मठेप’ त्यांनी लग्नाआधी वाचलेलं, तेव्हापासूनची ही इच्छा. चिरंजीवांना समुद्रात डुंबायचं होतं. ह्यांचं म्हणणं, एवढे पैसे घालतोच आहोत तर सगळंच पाहून येऊ. त्या पैशांत माझ्या शाळेतल्या अर्धवेळ नोकरीचेही होते, तेव्हा मत द्यायचा हक्क मलाही होता असं मी धरून चालले. त्यात बोरिवलीच्या वन्सं आदल्या वर्षी जाऊन आलेल्या. “आम्ही पाच दिवसांत पाच बेटं केली,” हे त्यांचं पालुपद. फोटो दाखवताना मात्र हा किनारा कुठला, यावर त्यांची नि त्यांच्या यजमानांची जुंपते!

शेवटी एका रात्री ओटा आवरून मी वही घेऊन बसले. हातात सहा रात्री. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला बोटीने दीड ते अडीच तास. ऐकायला थोडेच वाटतात. पण बॅगा भरा, ओले कपडे वेगळ्या पिशवीत कोंबा, खोली सोडा, तासभर आधी धक्क्यावर जाऊन बसा, उतरल्यावर रिक्षा शोधा, हे सगळं धरलं की एका बेटामागे अर्धा दिवस जातो. शिवाय अंदमान पूर्वेला इतकं लांब, पण घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास पाचला सूर्य मावळतो नि साडेपाचला काळोख. आपल्याकडे तेव्हा नुकता चहा झालेला असतो. म्हणजे गेलेला अर्धा दिवस फार महागात पडतो. आणि नोव्हेंबरात तिकडे पाऊस पुरता सरलेला नसतो. शाळांच्या सुट्ट्यांपुढे आपला इलाज नाही, नाहीतर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम.

मी मांडलेला हिशेब असा: दोन रात्री पोर्ट ब्लेअर, दोन हॅवलॉक, परत दोन पोर्ट ब्लेअर. शेवटच्या मोकळ्या दिवशी रॉस बेट, कारण ते पोर्ट ब्लेअरच्या अगदी समोर, छोट्या बोटीने पंधरा-वीस मिनिटांवर. नील गाळलं. ह्यांचा चेहरा उतरला, पण सासूबाई माझ्या बाजूने होत्या.

(नावांनी गोंधळू नका हं. २०१८ साली हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. लोकांच्या तोंडी अजून जुनीच नावं आहेत.)

सेल्युलर जेलच्या दिवशी दुसरं काही ठेवलंच नव्हतं, ते फार बरं झालं. १९०६ साली बांधून झालेल्या या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. सावरकर इथे १९११ ते १९२१ होते. थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात. सावरकरांची कोठडी अगदी वरच्या मजल्यावर, टोकाला. सासूबाईंचे गुडघे म्हणजे आमच्या पुढच्या जिन्याचीही परीक्षा. चार पायऱ्या चढायच्या, कठड्याला टेकून थांबायचं, पुन्हा चार. मागून येणाऱ्यांना मी “तुम्ही व्हा पुढे” म्हणत होते. एका घोळक्याचा वाटाड्या तर घड्याळ दाखवत ओरडत होता, “दहा मिनिटं!” आम्हाला कोण ओरडणार?

कोठडीत त्या बराच वेळ उभ्या होत्या. आम्ही बाहेरच थांबलो. आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, “खिडकी किती उंच आहे गं.”

हॅवलॉकला राधानगरचा किनारा पश्चिमेकडे तोंड केलेला, पांढरी वाळू, मागे उंच झाडांचं रान. चिरंजीव पाण्यातून निघेनात. परतीच्या दिवशी वारा सुटला आणि आमची बोट रद्द झाली. जागा मिळाली ती दुसऱ्या दिवशी दुपारची. शेजारच्या खोलीतलं कुटुंब चार बेटं करत आलेलं, त्यांचं विमान दुसऱ्याच दिवशी सकाळचं! त्या बाईंचा चेहरा पाहून मला माझ्या वहीची आठवण झाली. आमचं विमान त्याच्याही पुढच्या दिवशी होतं.

रॉस मात्र राहिलं. पोर्ट ब्लेअरला पोचेपर्यंत अंधार पडला. विमानतळावर जाण्याआधी ह्यांनी चिरंजीवांना ते किनाऱ्यावरूनच बोटाने दाखवलं. पण बोट चुकलेल्या त्या संध्याकाळी हे आणि सासूबाई राधानगरच्या वाळूत अंधार पडेस्तोवर बसून होते. काय बोलत होते कोण जाणे, घरी दोघांना एवढा वेळ कधी मिळत नाही.

परवा वन्सं आल्या होत्या. “किती केली?” म्हणून पहिलाच प्रश्न. पोर्ट ब्लेअरचं धरून दोन, म्हटलं.

“अगंबाई, म्हणजे नील राहिलं?”

राहिलं खरं.