चोर्ल्याचा घाट आणि गाडीचे चार टायर

बेळगावहून गोव्यास उतरण्याच्या वाटा मुख्यत्वे तीन. पहिली आंबोलीवरून सावंतवाडीकडे जाते, दुसरी खानापूर-रामनगरावरून अनमोडचा घाट उतरून मोल्यास पोचते, आणि तिसरी जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याच्या घाटाने साखळीस जाते. तिन्ही वाटांवर मृग लागल्यापासून पावसाचे राज्य असते. आंबोलीस तर वर्षाकाठी सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. ज्यांची एक लेक गोव्यात आणि दुसरी खानापूर तालुक्यात दिली आहे, अशा आमच्या भागातील कुटुंबांना या वाटा टाळता येत नाहीत. लग्न असो, बाळंतपण असो, वा इस्पितळ असो, घाट उतरावा लागतोच.

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी अशाच एका कुटुंबासमवेत चोर्ल्याच्या वाटेने जाण्याचा योग आम्हांस आला. घरची गाडी उंच बांध्याची, ज्या जातीस हल्ली सर्वजण एसयूव्ही म्हणतात, तशी होती. घरधनी, त्यांची वृद्ध आई, पत्नी, कॉलेजात शिकणारा मुलगा आणि आम्ही, असे पाच जण. टायर सहा वर्षांचे झाले होते. वरून पाहता नक्षी अजून शिल्लक दिसे. पण बाजूच्या रबरास बारीक चिरा पडू लागल्या होत्या. निघण्यापूर्वी बेळगावात चारही टायर बदलून घ्यावेत असे ठरले.

दुकानात घरधन्यांचा पहिला प्रश्न स्वाभाविक होता : "सर्वांत जास्त टिकणारा कोणता?" दुकानदार म्हणाला, "मामा, टिकाऊ पाहिजे तर हा घ्या. पण तुम्ही वर्षाला किती चालवता?" मुलाने हिशेब केला. बाजार, शाळा, नातेवाईक आणि वर्षातून चार-पाच वेळा गोवा मिळून सहा हजार किलोमीटरच्या वर जात नव्हते.

सुज्ञ वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. समजा, एक टायर सहा हजार रुपयांचा असून चाळीस हजार किलोमीटर चालतो. त्याचा खर्च किलोमीटरला १५ पैसे. दुसरा सात हजार आठशेचा असून साठ हजार चालतो. त्याचा खर्च १३ पैसे. कागदावर दुसरा स्वस्त. परंतु वर्षाला सहा हजारांच्या चालीने साठ हजार पुरे होण्यास दहा वर्षे लागतील! रबर मात्र उभ्या गाडीखालीही म्हातारे होते. ऊन, हवा आणि उष्णता यांनी ते कडक होते, त्यास चिरा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याकडून तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही उरली तरी टायर काढून टाकावा, असे नामांकित टायर-कारखानदारच सांगतात. तात्पर्य, कमी फिरणाऱ्या घराने केवळ दीर्घायुष्यासाठी जादा पैसे मोजणे म्हणजे न खाता येणाऱ्या धान्याची कणगी भरण्यासारखे आहे. भाड्याने गाडी चालविणाऱ्याची गोष्ट वेगळी; त्याला टिकाऊपणाच हवा.

दुकानदाराने टायरच्या अंगावरची अक्षरे आम्हांस वाचून दाखविली, ती प्रत्येक घरातील एकाने तरी शिकून ठेवावीत. या गाडीच्या टायरवर २१५/६० आर १६ ९५ एच असे होते. २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ६० म्हणजे बाजूची उंची त्या रुंदीच्या साठ टक्के, अर्थात १२९ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी. १६ हा रिमचा इंचांतील व्यास. ९५ हा भाराचा अंक असून एका टायरवर ६९० किलो भार चालतो असे तो सांगतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर वेगमर्यादा. त्या वेगाशी आपणांस कर्तव्य नाही. पण भाराच्या अंकाशी आहे, कारण आपल्या गाडीत माणसांबरोबर तांदळाची पोतीही चढतात. गाडीबरोबर आलेल्या अंकाहून कमी अंकाचा टायर घेऊ नये. शिवाय चार अंकांची एक तारीख असते. २३२४ असे असेल, तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला माल सवलतीत मिळाला, तरी त्याच्या आयुष्यातील तेवढी वर्षे सरलेली असतात. आयएसआयची खूणही पाहावी.

काही टायरांवर झिजेचा एक अंक असतो. शंभर हे माप धरून तो दिलेला असतो. ४०० असेल, तर ठरावीक चाचणीत तो मापाच्या टायराहून चौपट टिकला असे समजावे. त्याशेजारी ओल्या रस्त्यावरील पकडीची प्रत डबल ए, ए, बी, सी अशी लिहितात. बहुधा रबर जितके कठीण, तितके ते अधिक टिकते आणि ओल्यात तितके कमी धरते. चांगला कारखानदार दोहोंचा मेळ घालतो. तरी ग्राहकाने दोन्ही अंक पाहिले पाहिजेत. "सर्व ऋतूंचा टायर" या शब्दानेही भुलू नये. थंड देशांत हा शब्द थोड्याफार बर्फातही चालणाऱ्या टायरास लावतात. आपले ऋतू ऊन आणि पाऊस हे. डोंगर आणि हिमकण कोरलेल्या खुणेसाठी बेळगावकराने जादा पैसे देण्याचे कारण नाही.

अखेर घरधन्यांनी मध्यम झिजेचा, ओल्यात उत्तम धरणारा आणि ताज्या तारखेचा टायर निवडला. आजी इतका वेळ गप्प होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "पैसे वाचवायचे तर साखरपुड्यात वाचव रे बाबा, चाकांत नको."

पिरनवाडी मागे पडली, किणये गेले, आणि कुसमळीपाशी मलप्रभेचे गढूळ पाणी दिसले. जांबोटीपुढे रान दाट होत जाते. कणकुंबीस याच मलप्रभेचा उगम आहे. येथून ती पूर्वेस निघते आणि दूर कृष्णेस मिळते. थोडे पुढे पडलेला पाऊस मात्र पश्चिमेस अरबी समुद्राकडे धावतो. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्या सीमाही या परिसरात जवळ येतात. सुमारे ८०० मीटर उंचीवरून रस्ता वळसे घेत उतरू लागतो, आणि प्रवासी जे दिसेल त्याने मोहून जातो : धुके, कड्यांवरून लोंबणारे पांढरे ओहोळ, जांभ्याच्या लाल भिंती.

पण त्या ओहोळांचे पाणी रस्त्यावरूनच वाहते. टायरचा जेवढा भाग जमिनीस टेकतो, तो जेमतेम तळहाताएवढा. त्याखालचे पाणी बाहेर सारण्याचे काम नक्षीतील खाचा करतात. खाच उथळ झाली किंवा वेग वाढला, म्हणजे पाण्याची पाचर चाकाखाली शिरते आणि गाडी पाण्यावर तरंगते. मग ब्रेक आणि सुकाणू दोन्ही मुके होतात. आपल्या कायद्यात मोटारीच्या नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, आणि ती मर्यादा दाखविणारे रबराचे उंचवटे खाचांतच असतात. मात्र कायद्याची मर्यादा कोरड्या रस्त्यास पुरे पडली, तरी घाटाच्या पावसास पुरत नाही. तीन मिलिमीटर उरले की बदलावे, हे शहाणपणाचे.

नव्या टायरची पकड पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरांत पुरती येत नाही, म्हणून आम्ही सावकाश उतरत होतो. एका आंधळ्या वळणापलीकडे झाड आडवे पडले होते आणि त्याच्या अलीकडे एक मालमोटार उभी होती. मुलाने ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, दोन हात अंतर राखून थांबली. कोणी काही बोलले नाही. आजींनी मांडीवरची पिशवी सावरली. जुन्या टायरांवर काय झाले असते, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या मनात केला असावा.

झाड हटल्यावर केरी आली, अंजुण्याचे धरण आले, साखळी आली. तेथून होंड्यावरून फोंड्याच्या वाटेस लागले म्हणजे उसगाव लागते, तेथे एम.आर.एफ. चा टायर-कारखाना आहे. १९४६ साली मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे मम्मेन माप्पिळ्ळै यांनी मुलांचे फुगे करण्याचा लहानसा उद्योग काढला, त्यातूनच ही कंपनी वाढली. हवेच्या टायराचा इतिहासही असाच घरगुती आहे. रॉबर्ट थॉमसनने १८४५ साली त्याचे पेटंट घेतले, पण ते विस्मृतीत गेले. १८८८ साली बेलफास्टच्या जॉन डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी ते पुन्हा शोधून काढले.

घरी परतल्यावर चार गोष्टी पाळाव्यात. हवेचा दाब पंधरा दिवसांनी, चाके थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिल्याप्रमाणे तपासावा. जादा चाकही विसरू नये. हवा कमी असेल तर कडा झिजतात, जास्त असेल तर मधला भाग. दर दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल व अलाइनमेंट करावे. दोनच टायर घेणे भाग पडले, तर नवे मागे बसवावेत; पुढे बसवावेत असा समज गावोगावी आहे, परंतु ओल्या वळणावर मागची चाके निसटली म्हणजे गाडी गरकन फिरते आणि सावरणे कठीण जाते.

वर्षाला किती चालतो, कोठून चालतो आणि कोणास घेऊन चालतो, हे तीन प्रश्न घरी बसून आधी सोडवावेत, आणि मगच दुकानाची पायरी चढावी.