धुराड्याचा रुसवा

शिमल्याला जाणाऱ्या मराठी माणसाला दोन गोष्टींची हौस असते. एक बर्फाची आणि दुसरी फायरप्लेसची! १८६४ साली हे गाव साहेबांची उन्हाळी राजधानी झाले आणि विलायतेच्या आठवणीने त्यांनी बंगल्याबंगल्यांतून भिंतीतल्या शेकोट्या बांधल्या. त्यांतल्या काही अजून पेटतात.

डिसेंबरात आम्ही उतरलो त्या जुन्या बंगल्यातली अशीच एक शेकोटी संध्याकाळी पेटवण्यात आली. बाहेर सात हजार फुटांवरची थंडी. पण पाचच मिनिटांत धूर वर जायचे सोडून सरळ आमच्या भेटीला आला! मुले खोकू लागली. डोळे पुशीत आई म्हणाली, "अरे, यापेक्षा आपली चूल परवडली!"

चौकीदार हा मुरलेला पहाडी गृहस्थ. त्याने विस्तवाला हातही लावला नाही. "साब, पहले खिडकी!" म्हणत त्याने खिडकी दोन बोटे उघडली. थंडीसाठी तिथल्या साऱ्या फटी कागद चिकटवून बुजवलेल्या होत्या. धुराड्यातून जेवढी हवा वर जाते, तेवढी बाहेरून आत यावी लागते. खोलीची बाटली बंद केली, तर धूर जाणार कसा? बेंजामिन फ्रँकलिनने १७८५ साली धुरकट धुराड्यांवर एक लांबलचक पत्र लिहिले, त्यातही पहिले कारण हेच दिले आहे.

मग त्याने वर्तमानपत्राचा पलिता पेटवून धुराड्याच्या तोंडाशी धरला. बरेच दिवस बंद असलेल्या धुराड्यात गार, जड हवा बुचासारखी बसते. ती तापली की वाट मोकळी होते. चीडची ओली लाकडे काढून त्याने बानाची सुकी लाकडे रचली. धूर निम्मा झाला. शेवटी शेकोटीच्या तोंडावर, वरच्या बाजूला, त्याने पत्र्याची वीतभर पट्टी आडवी धरली आणि धूर मुकाट्याने वर चालता झाला! तोंड मोठे आणि नळी अरुंद, हा दोष. काउंट रमफर्डने १७९६ च्या निबंधात शेकोटीचे तोंड आणि गळा आवळण्याचाच उपाय सांगितला होता. एवढ्यानेही भागले नाही, तर धुराड्यात काजळी वा पाखराचे घरटे आहे का, ते पाहावे.

खोली उबदार झाली, तशी मुले खिडकी लावायला धावली. म्हाताऱ्याने त्यांना अडवले. धूर डोळ्यांना झोंबून आपली वर्दी तरी देतो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली कुटुंबे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या उत्तरेत हिवाळ्यात येतात. निखारे पुरते विझेपर्यंत खिडकी उघडीच, हा त्याचा दंडक.

आईने उठून खिडकीच्या फटीत आपली चप्पल अडकवली आणि शेवटचा निखारा काळा होईपर्यंत शाल पांघरून ती जागी बसली.