जुबाको

जपानी घरांत नववर्षाचे पदार्थ ज्या डब्यांत रचतात, त्यांना 'जुबाको' म्हणतात. एकावर एक बसणारे हे चौकोनी डबे, वर एकच झाकण. जुने जुबाको लाकडाचे असत आणि त्यांवर उरुशी झाडाच्या चिकाचे थरावर थर दिलेले असत. हे झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातले. कच्चा चीक अंगाला लागला तर पुरळ उठते. एका झाडापासून हंगामात जेमतेम २०० ग्रॅम चीक मिळतो आणि तो घट्ट व्हायला दमट हवा लागते.

चित्र काढायचे तेही याच चिकाने. रेषा ओली असतानाच तिच्यावर सोन्याची पूड भुरभुरायची. या कलेला 'माकी-ए', म्हणजे भुरभुरलेले चित्र, असे नाव आहे. शिबाता झेशिन (१८०७–१८९१) या कलावंताच्या एका जुबाकोवर शेवंतीच्या जोडीला चक्क अळू आहे! परसातल्या अळवाला हा मान मिळालेला पाहून मला फार बरे वाटले.

कला शाखेतल्या आम्हां मुलांना "याचा उपयोग काय?" हा प्रश्न घरीदारी ऐकावा लागतो. उपयोग एकीकडे आणि शोभा दुसरीकडे, अशी वाटणी त्यात गृहीत धरलेली असते. जुबाकोपुढे ती वाटणी टिकत नाही. जो चीक लाकडाला पाण्यापासून राखतो, तोच सोन्याचे कण धरून ठेवतो. सोने वेगळे काढू गेलो, तर डब्याचे कवचच खरवडावे लागेल.