गेमिंग लॅपटॉप, भिशी आणि बगदाद

'गेमिंग लॅपटॉप' या दोन शब्दांपैकी आपल्या घरांत पहिलाच शब्द मोठ्याने ऐकू येतो. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली आणि तिने असा लॅपटॉप मागितला, तेव्हा खानदानात पंधरा दिवस तोच विषय होता. "पोरीला कायकू गेम का लॅपटॉप?" हा प्रश्न मला फोनवर, लग्नात आणि एकदा तर कापड बाजारात दुकानाच्या पायरीवर विचारला गेला. तिच्या चुलतभावाला दहावीनंतर महागडा मोबाइल मिळाला, तो कशासाठी हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं.

मुलीने आडपडदा ठेवला नाही. "अम्मी, मेरेकू पढ़ने का भी है और खेलने का भी," असं तिने सरळ सांगितलं. 'फक्त अभ्यासासाठी' असं म्हणाली असती तर मला जास्त काळजी वाटली असती. आता लॅपटॉप घरात येऊन सात महिने झाले. नगरचा एक उन्हाळाही त्याने पाहिला. पुढच्या महिन्यात प्रवेश सुरू होतील आणि अनेक घरांत हीच चर्चा होईल, म्हणून हा हिशेब लिहिते आहे.

आधी यंत्राबद्दल. किंमत ७३,९९० रुपये. त्यातले सुमारे ११,२८७ रुपये म्हणजे १८ टक्के जीएसटी. सोळा जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, १५.६ इंची स्क्रीन आणि आरटीएक्स ४०५० हे ग्राफिक्स कार्ड. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीत चार-पाच कंपन्यांची यंत्रं जवळपास सारखीच असतात. फरक पडतो तो बारीक अक्षरांतल्या गोष्टींनी.

त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दुकानात आपणहून कुणी सांगत नाही. ग्राफिक्स कार्डाचं नाव एकच असलं तरी त्याला मिळणारी वीज वेगवेगळी असते. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०५० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वॅटचं असू शकतं. एकाच मापाच्या दोन पंपांपैकी एकाला पूर्ण दाबाने वीज मिळावी आणि दुसऱ्याला कमी दाबाने, तसं हे आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, पाणी मात्र सारखं पडत नाही. पातळ, दिसायला सुंदर लॅपटॉपमध्ये हे वॅट बहुतेक वेळा कमी असतात, कारण तेवढी उष्णता बाहेर टाकायला आत जागाच नसते. म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकात 'टीजीपी' असं लिहिलेला आकडा शोधा. तो दिला नसेल तर विचारा. मुलीने तीन मॉडेलं याच एका आकड्यावर बाद केली.

आता पैसे. दुकानदार आधी 'नो कॉस्ट ईएमआय'चं सांगतो. आपल्यापैकी अनेकांना हा प्रश्न पडतो, की नावातच 'कॉस्ट नाही' आहे, मग यात व्याज आहे की नाही? मी मुफ्ती नाही, फतवा देणार नाही. पण व्यवहार कसा होतो ते सांगू शकते. बँक व्याज लावतेच. तेवढीच रक्कम विक्रेता किंवा कंपनी किमतीतून आधी वजा करते, त्यामुळे बेरीज सारखी दिसते. समजा ७२,००० रुपये नऊ महिन्यांसाठी १५ टक्क्यांनी घेतले, तर व्याज साधारण ४,५०० रुपये होतं. तेवढी सूट तुम्हाला दाखवतात. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ८१० रुपये, तुमच्याच खिशातून जातो, आणि वर प्रोसेसिंग फी असते ती वेगळी. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं. म्हणजे कर्ज आहे, व्याजही आहे. फक्त ते भरतंय कोण, हे झाकलेलं आहे. ज्याला सूद टाळायचा आहे, त्याने एवढं माहीत करून मग आपल्या आलिमांना विचारावं.

आमच्या घरी हा प्रश्न भिशीने सोडवला. पंधरा जणी, महिना पाच हजार, एकूण ७५,०००. आमची भिशी बोलीची नाही, चिठ्ठीची आहे. कुणी कमी घेऊन आधी उचलत नाही. प्रत्येकीला तेवढेच मिळतात जेवढे ती भरते. माझी चिठ्ठी पाचव्या महिन्यात निघाली. म्हणजे उरलेले दहा महिने मी दहा बायकांची देणेकरी होते, आणि त्यातल्या कुणी माझा सिबिल स्कोअर विचारला नाही. त्यांच्यापैकी दोघी शिवणकाम करतात, एक शेवया करून विकते. या लॅपटॉपमध्ये त्यांचे हप्ते आहेत, हे मुलीला मी पहिल्याच दिवशी सांगितलं. बिलावर 'अहिल्यानगर' छापून आलं, वॉरंटीच्या फॉर्मवर पिनकोड टाकला तर 'अहमदनगर' आलं. पिनकोड एकच, त्यामुळे काही अडलं नाही. वॉरंटी घेताना मात्र एक विचारून घ्या: आपल्या पिनकोडला माणूस घरी येतो, की यंत्र पुण्याला पाठवावं लागतं? नगरहून पुणे १२० किलोमीटर आहे, आणि परीक्षेच्या काळात ते फार लांब पडतं.

रोजच्या वापरात हे यंत्र कसं आहे? खरं सांगायचं तर थोडं अंगापेक्षा बोंगा मोठा. वजन २.४ किलो, चार्जर धरला तर तीन किलोच्या वर. स्कूटीवर पाठीला लावून रोज कॉलेजला न्यायला जड. चार्जर तर विटेएवढा. माझं काम म्हणजे शाळेचे निकालपत्रक, हे लेख, आणि बिलं. तेवढ्यासाठी बॅटरी चार तास पुरते. स्क्रीन वेगात भारी, रंगात कमी. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असलं की समजायचं, रंग फिके येणार. ऑनलाइन दुपट्टा पाहिला तेव्हा मरून रंग विटकरी दिसत होता. मोबाइलवर तोच बरोबर दिसला. कॅमेरा साधा आहे. जेद्दाहहून भाऊ व्हिडिओ कॉलवर आला की त्याला आम्ही सगळे संध्याकाळच्या उजेडात बसल्यासारखे दिसतो. कीबोर्ड मात्र उत्तम. विंडोजमधला मराठी फोनेटिक कळफलक सुरू केला, की मराठी टायपिंगला वेगळं काही लागत नाही.

वर्षभर चार्जरला जोडून ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी लवकर थकते. म्हणून कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय सुरू केली. ज्यांच्याकडे असं यंत्र आहे त्यांनी आजच हे करावं, याला पैसा लागत नाही.

अभ्यासाचं मला जे दिसलं ते सांगते. मुलीने देवनागरी अक्षरं ओळखणारा छोटा प्रोग्रॅम केला होता. यंत्राला हजारो अक्षरं दाखवून शिकवावं लागतं. फक्त प्रोसेसरवर ते शिकायला पाऊण तास लागला, ग्राफिक्स कार्डावर चार मिनिटं. मी कारण विचारलं. तिने सांगितलं, की प्रोसेसर म्हणजे आठ हुशार माणसं, आणि या कार्डात २,५६० साधे मजूर आहेत. खेळातलं चित्र रंगवताना लाखो ठिपक्यांचं सोपं गणित एकाच वेळी करावं लागतं, आणि यंत्राला शिकवतानाही तसंच सोपं, पण प्रचंड गणित लागतं. खेळासाठी बनलेली वस्तू अभ्यासाला अशी उपयोगी पडते. नातेवाइकांना मी हेच उत्तर देऊ लागले, तर मुलीने मला अडवलं. "सिर्फ इतना मत बोलो अम्मी, मैं खेलती भी हूँ."

तर खेळाबद्दल. स्क्रीन सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलते, साध्या स्क्रीनवर ६० वेळा. म्हणजे एक चित्र साध्या स्क्रीनवर सुमारे १७ मिलीसेकंद राहतं, इथे सात. मला त्यात फरक दिसला नाही, तिला पहिल्या मिनिटात दिसला. मोठे खेळ मध्यम ते चांगल्या दर्जावर न अडखळता चालतात. अट एकच, चार्जर लावलेला हवा. बॅटरीवर वेग निम्म्यावर येतो आणि तासाभरात यंत्र बंद पडायला येतं. वीज गेली आणि घर इन्व्हर्टरवर असलं, तर खेळ बंद, हा आमचा नियम. कारण त्या वेळी एकटा लॅपटॉप दोन-तीन पंख्यांची वीज खातो. एरवी दोन तास खेळलं तर साधारण ०.३ युनिट, महिन्याला नऊ युनिट.

मे महिन्यात दुपारी बाहेर चाळीसच्या वर पारा असताना आतले पंखे असे गरजतात, की शेजारच्या खोलीत नमाज पढताना ऐकू येतात. त्यामुळे दुपारी खेळ नाही, इशानंतर एक तास. यंत्र गादीवर ठेवायचं नाही, खालून हवा आत जाते. मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवली की उष्णता कमी होते. आपल्याकडची धूळ लक्षात घेऊन सहा महिन्यांनी पंखे साफ करून घ्यावेत.

वेळेपेक्षा मी जास्त लक्ष ठेवलं ते पैशावर. संसदेने २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली. पण साध्या खेळांतही 'लूट बॉक्स' असतात. पैसे भरा, पेटी उघडा, आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८ मध्ये याला जुगार ठरवलं. कुराणात मैसिर हराम आहे, हे लहानपणापासून ऐकलेल्या घरात हे समजायला वेळ लागला नाही. आमच्याकडे खेळ विकत घेता येतो, पेटी नाही. आणि व्यसनाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने खेळाचा विकार आपल्या आजारांच्या यादीत घेतला आहे, पण त्याची खूण तासांची संख्या नाही. खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं, या त्याच्या खुणा आहेत. मुलांना ओरडण्याआधी आपण या तीन गोष्टी पाहाव्यात.

एका रात्री तिने मला बोलावून घेतलं. स्क्रीनवर बगदाद होतं. 'असॅसिन्स क्रीड मिराज' हा २०२३ चा खेळ नवव्या शतकातल्या अब्बासी बगदादमध्ये घडतो. खलिफा मन्सूरने ७६२ मध्ये वसवलेलं गोल शहर, कालवे, बाजार, बैतुल हिकमा. अरबीत ऐकायचीही सोय आहे. बैतुल हिकमाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, त्या अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून 'अल्गोरिदम' शब्द आला. मुलगी तो शब्द रोज वापरते, पण तो शब्द जिथला ते शहर तिने पहिल्यांदा असं पाहिलं. मी म्हटलं, नायकाच्या हातात खंजीर आहे, हेही काही फार चांगलं नाही. ती म्हणाली, बरोबर आहे. पण बंदुकीच्या बऱ्याच खेळांत आपल्यासारख्या नावाची माणसं फक्त गोळी खायला येतात, इथे ती भाजी विकतात, भांडतात, पुस्तकं वाचतात. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. त्या बाजारात आम्ही दोघी अर्धा तास नुसत्या फिरलो. १२५८ मध्ये मंगोलांनी ते शहर उद्ध्वस्त केलं, हे मला माहीत होतं, त्यामुळे माझं फिरणं तिच्याइतकं हलकं नव्हतं.

तिथून बोलणं आपल्या गावावर आलं. मलिक अहमदने वसवलेलं हे शहर. निजामशाहीत खापरी नळांनी आणलेलं पाणी. पाण्याच्या मधोमध बांधलेला फराहबक्ष महाल, जिथे आज पडक्या भिंती आणि गवत आहे. चाँदबिबीचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण तिचं नगर दिसायचं कसं, हे कुणाच्या डोळ्यांसमोर नाही. पुण्याच्या एका स्टुडिओने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ केला, त्यात भावाला सोडवायला निघालेली मुलगी नायिका आहे. म्हणजे हे काम इथून १२० किलोमीटरवर होऊ शकतं. आता ती ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फराहबागेची एक कमान उभी करते आहे. कमान अजून वाकडी आहे. माझ्या घरून टेप नेऊन तिने भिंतीची जाडी मोजून आणली, एवढं मात्र खरं.

तर घ्यावा का? मुलाला किंवा मुलीला कॉमर्स, लेखन, इंटरनेट, टॅली एवढंच करायचं असेल, तर नको. पंचेचाळीस हजारांत हलका, जास्त बॅटरीचा लॅपटॉप मिळतो. उरलेले पैसे फीला जातील. कोडिंग, डिझाइन, ॲनिमेशन, व्हिडिओ यातलं काही असेल आणि यंत्र चार वर्षं टिकवायचं असेल, तर जरूर घ्या. वॅटचा आकडा पाहा, रॅम वाढवायला जागा आहे का पाहा, वॉरंटी घरपोच आहे का विचारा, आणि पैसे कुठून येणार ते आधी ठरवा. आणि मूल 'खेळणारही आहे' असं तोंडावर सांगत असेल, तर त्याच्यावर थोडा भरवसा ठेवा. आमच्या भिशीतल्या शेवयावाल्या बाईंनी परवा मला विचारलं, त्यांच्या नातीसाठी कोणता घ्यावा. पुढच्या चिठ्ठीत त्यांचं नाव आहे. मी त्यांना पहिला प्रश्न विचारला, "तिला शिकायचंय काय?"