प्रेस शॉपचा ओटी

८ जून २०१९
काल पगार झाला. कॅन्टीनमध्ये नुसती धुसफूस. प्रेस शॉपच्या मामांनी पे-स्लिप माझ्या ताटाशेजारी ठेवली. मे महिनाभर रोज दोन तास जादा थांबले. पैसे सिंगल दराने, तेही 'इन्सेंटिव्ह' नावाखाली. ओटीचा रकाना कोरा.
"साहेबांना सांगितलं का?"
"तोंडी. बघतो म्हणाले. दिवाळीपासून बघतायत."

१० जून
मामांना घेऊन सुपरवायझरकडे गेलो. ही पायरी चुकवली की वरचे लोक तेवढंच धरून बसतात. "माझ्या हातात काही नाही." खरं बोलला बिचारा.

१२ जून
अर्ज. मामांच्या कच्च्या कागदावर 'पिळवणूक' तीनदा होतं. सगळं काढलं. टोकन नंबर, तारखा, तास, रक्कम, मागणी. कारखाने अधिनियम १९४८, कलम ५९. एक पान, दोन प्रती.
एचआरमध्ये म्हणाले, ठेवून जा. ठेवला नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख पडली तेव्हाच उठलो. तक्रार आजपासून सुरू. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-सी प्रमाणे तक्रार निवारण समितीला ४५ दिवस.

१३ जून, गुरुवार
सुट्टी. मामांच्या घरी गेलो. स्वयंपाकघरात कालनिर्णय. दुधाच्या खुणांशेजारी प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने '२'. मामींनी दिवाळीपासूनची पानं जपून ठेवलीत, गेल्या वर्षाचं कॅलेंडरसुद्धा. एवढा पक्का पुरावा मी अपेक्षिलाच नव्हता.
हिशेब: जेवणाची सुट्टी सोडून ८ तास, ६ दिवस, म्हणजे ४८. कायद्याची आठवड्याची मर्यादा तेवढीच. त्यावर जे काही, ते दुप्पट दराने.

१७ जून
बाकीच्यांच्या सह्या हव्यात. एकजण म्हणाला, चार्जशीट देतील. युनियनच्या कामावरून त्रास देणं ही अनुचित कामगार प्रथा, १९७१चा महाराष्ट्राचा कायदा आहे, ९० दिवसांत कोर्टात जाता येतं. सांगितलं. ऐकून घेतलं, सही केली नाही. घरचे हप्ते त्याला भरायचेत, मला नाही.

१८ जून
सेकंड शिफ्टच्या पोरांनी सह्या केल्या.

२१ जून
गेटवर कंत्राटी पोरं. "दादा, आमचं काय?" त्याच प्रेसवर, तेच तास. ठेकेदाराने पैसे दिले नाहीत तर मूळ मालकाने द्यायचे, १९७०चा कायदा सांगतो. पण पहिला अर्ज जो करेल त्याचा गेटपास दुसऱ्या दिवशी बंद. रात्री डोळ्याला डोळा नाही.

२४ जून
समिती बसली. सहाजण, तीन त्यांचे, तीन आपले. एचआरने पंचिंगचे कागद काढले. मार्चच्या एका आठवड्यात मामांची रजा होती, ४८ तास भरलेच नाहीत. बरोबर आहे. पण दिवसाची मर्यादा ९. मामा १० तास उभे होते. म्हणून त्या आठवड्यात रोजचा एकच तास दुप्पट. तेवढं कमी केलं. त्यानंतर बोलण्याचा सूर बदलला.

२५ जून
पालखी आकुर्डीत मुक्कामाला. कंपनीच्या बस उशिरा. मामा शिफ्ट संपवून थेट दर्शनाला.

१ जुलै
ऑफर आली: दुप्पट देतो, पण फक्त बेसिकवर. कलम ५९ मध्ये भत्तेही धरायचे आहेत. डीए सोडला तर निम्मं गेलं. मामा गप्प. मुलीच्या ॲडमिशनची फी भरायचीय. पैसा त्यांचा, घाम त्यांचा. मी आग्रह केला नाही. पण एकदा बेसिकवर मान्य केलं की सगळ्या शॉपला तेच लागणार, हेही सांगितलं.

२ जुलै
मामा सकाळी पंचिंगपाशी भेटले. "डीएसकट."

९ जुलै
युनियनच्या कमिटीत दोघंतिघं गेट मीटिंग घ्या म्हणतात. मी नको म्हणालो. मुदत २७पर्यंत आहे. समितीत नाही सुटलं तर शिवाजीनगरला, कामगार आयुक्तांच्या कचेरीत समेटासाठी. तिथेही हाच शिक्क्याचा कागद लागणार.

१६ जुलै
मान्य! जूनपासून दुप्पट, बेसिक अधिक डीएवर. दिवाळीपासूनची थकबाकी दोन हप्त्यांत. इतिवृत्तात 'विचार करण्यात येईल' असं टाईप झालं होतं. बदलून 'देण्यात येईल' करून घेतलं, मगच सह्या. सही न करणाऱ्यालाही मिळणार. मिळायलाच हवं.

७ ऑगस्ट
पे-स्लिप. ओटीच्या रकान्यात आकडा. पहिला हप्ताही जमा.
कंत्राटी पोरांचं अजून बाकी. एकट्याचं नाव पुढे करायचं नाही, अर्ज युनियनच्या लेटरहेडवर जाईल. तोवर प्रत्येकाने रोजचे तास तारखेसह लिहून ठेवा, अगदी कॅलेंडरवर. पे-स्लिप फेकू नका.