सत्तरीतल्या भट्ट्या

एप्रिलात आम्ही चौघे मित्र गोव्यात समुद्राकडे पाठ फिरवून वाळपईच्या रस्त्याला लागलो. भट्टीचा वास आला की थांबायचे, एवढाच बेत. गाडी हाकणारा अर्थातच कोरडा. बोंडूंचा आंबवलेला रस एकदा उकळून वाफ धरली की हुर्राक, तो ताज्या नीरोसह पुन्हा भट्टीवर चढला की फेणी. आम्हांला सौम्य हुर्राकच अधिक रुचला (जाणकारांनी क्षमा करावी).

एका वृद्ध भट्टीवाल्यांनी बाटली हलवून वर जमणारे फेसाचे मणी दाखवले. दारूचा कडकपणा ते त्यांवरून ओळखत. 'फेणी'च्या मुळाशी हाच फेण, असे मानतात. 'कोळंबी' म्हणजे आमच्या लेखी मासळी. येथे ती बोंडू तुडवण्याची दगडी खोलगट जागा. त्यांच्याकडची मात्र पानांनी भरली होती, कारण पिळणी आता यंत्रावर होते. जागाच गेली, तर शब्द कोणाच्या तोंडी राहणार?

काजू-फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा पेय ठरवले. हे आम्ही उत्साहाने सांगताच ते म्हणाले, "वारसा आहे हो, वारस पणजीला नोकरीत आहे." आणि भट्टीत आणखी एक ओंडका सारला.